दोन पौंड कमी

मोनास्तीर नकाशात कुठं आहे ते मला दाखवता येणार नाही,
पण तिथं वारा कधी सुटतो ते सांगतो.
दुपारी दोननंतर. म्हणजे आपल्याकडं साडेसहाला,
बिंदू चौकात दिवे लागायच्या वक्ताला.
तेव्हा प्रणोतीचे डबल फॉल्ट वाढतात.

चित्र दिसत नाही. फोनवर फक्त दोन नावं,
पुढं आकडे, आणि जिची सर्व्हिस तिच्या नावाला
एक पिवळा ठिपका.
ठिपका चौगुलेंच्या पोरीकडं आला
की मी हातातलं मशीन थांबवतो.
गिऱ्हाईक म्हणतं, इलाहीभाई, झालं का?
थांबा की जरा. तीस-चाळीस आहे.

दुकान सहा बाय नऊ.
आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, मी रॅकेटींना गटिंग करतो.
तिची पहिली रॅकेट मीच विणली,
चाळीस पौंडावर, स्वस्तातल्या तारेनं.
वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी,
पैसे तीन हप्त्यांत दिले,
तिसऱ्या हप्त्याला पैशाऐवजी गुळाचा एक रवा.
मुंग्या लागल्या होत्या. गोड मात्र होता.

सहाशे चाळीस.
पाचशे बारा.
मग एका सोमवारी तीनशे अठ्ठ्याऐंशी!
त्या रात्री गंगावेशीत म्हशीखालचं ताजं दूध
कट्ट्यावरच्या अकराजणांना पाजलं मी.
आनंदा पोवार मिशीवरचा फेस पुसत म्हणाला,
कितवा नंबर म्हणालास?
तीनशे अठ्ठ्याऐंशी.
मग हे नापासच की रं!
त्याला जग केवढं आहे ते सांगत बसलो,
तोवर दूधवाल्यानं म्हैस नेली.

एक हिशोब मला उशिरा कळला.
जिंकलेले गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतात.
गेल्या वर्षीचा मोनास्तीर या वर्षी पुन्हा जिंकायचा,
नाहीतर होतं तेही जातं.
मी म्हटलं, ही कसली सावकारी?
चारशे सत्तर. पाचशे नव्वद.
बायको म्हणाली, सोमवारी तुम्ही जेवत नाही नीट.

मग ती रात्र. ब्राझीलमधलं कुठलंसं गाव, इथं दोन वाजलेले.
लाल मातीचं कोर्ट, म्हणून मी निर्धास्त होतो,
कोल्हापूरची पोर मातीत हरते होय?
पहिला सेट सहा-चार तिचा.
दुसऱ्यात तीन-पाच, ठिपका तिच्याकडं,
आणि आकडा हलेना.
सात मिनिटं. नऊ.
रेंज गेली म्हणून गच्चीवर चढलो,
पाण्याच्या टाकीवर फोन उंच धरून उभा राहिलो,
खाली कुत्री भुंकायला लागली.
मग आकड्यांच्या पुढं एक शब्द आला,
रिटायर्ड.

तेवीस वर्षांची पोर.
माझा मेव्हणा केएमटीतनं रिटायर झाला
तेव्हा त्याला निदान शाल तरी मिळाली होती.

महिनाभर पान उघडायचं, नाव बघायचं, मिटायचं.
सातशे चार.

काल दुपारी शटर अर्धं ओढलं होतं,
त्याखालनं वाकून आत आली.
तीन रॅकेटी. रापलेली, वाळलेली.
काका, बावन्न नको. दोन पौंड कमी करा.

मी मान हलवली. वहीत लिहिलं, पन्नास.
वीस वर्षं ताण ओढतोय मी,
ताण कमी कर म्हणायला माणसाचा खांदा किती दुखावा लागतो
ते मला ठाऊक आहे.
विचारलं एवढंच, निघायचं कधी?
बुधवारी. क्वालिफाइंगपासून.

फोन गल्ल्यावर उघडाच पडला होता, तिच्याच नावावर.
तिनं बघितला.
मी घाईनं तारेचं बंडल शोधायला लागलो,
जे माझ्या हातातच होतं.
ती काही बोलली नाही.
चार्जिंग सहा टक्के होतं.
खाली लोंबणारी वायर उचलून
तिनं पिन लावली, डाव्या हातानं,
आणि स्टुलावर बसली.

मी पहिली उभी तार ओढायला घेतली.